कार्ल्याच्या पडवीतला मोठा पडदा

माळवली स्टेशनवर लोकलमधून आम्ही चारजण उतरलो आणि पाच मिनिटांत फलाटावर मी एकटीच उरले. पाठीवरच्या पिशवीत दोन साड्या, औषधं आणि नवा लॅपटॉप. वसंती, माझी थोरली बहीण, उन्हाळ्यात गेली. आम्ही दोघी अविवाहित, जन्मभर एकत्र राहिलेल्या. संध्याकाळी मी वाचायचे, ती ऐकायची. आता घरात राहवत नव्हतं, म्हणून कार्ल्याला चार दिवस खोली घेतली होती.

दिवाळी होऊन गेली होती. खाचरांत (बांध घातलेल्या भातशेतांत) कापणी चालू होती. रिक्षावाल्याने मला खोली देणाऱ्या हौसामावशींच्या दारात सोडलं.

"एकल्याच आलात?" मावशींनी विचारलं.

"हो."

"बरं. हात-पाय धुवा, भाकरी टाकते."

चुलीवरची गरम भाकरी, पिठलं आणि इंद्रायणीचा मऊ भात. जेवून पडवीत (घरापुढच्या उतरत्या छपराखाली) लॅपटॉप उघडला. याचा पडदा पाठीमागे पूर्ण वळवला की हातात धरायची पाटी होते, अर्धवट वळवून उलटा ठेवला की तंबूसारखा उभा राहतो. छापील अक्षर आता डोळ्यांना झेपत नाही. इथे ते हवं तेवढं मोठं करता येतं. जेवताना समोर उभा करून मी व्हिडिओही लावते. स्वयंपाकाचे, बागकामाचे, कसलेही. कुणीतरी बोलत असलं की घास उतरतो.

दुसऱ्या दिवशी लोणावळ्याजवळच्या भुशी धरणावर गेले. पावसाळ्यात जिथे उभं राहायला जागा नसते, तिथल्या पायऱ्या कोरड्या पडल्या होत्या. कणसं भाजणाऱ्या एका बाईखेरीज कुणी नव्हतं. वाचायला बसले, पण उन्हात पडद्यावर अक्षरांऐवजी माझाच चेहरा दिसू लागला. तेवढ्यात एक खंड्या पाण्यावर सूर मारून गेला. "वसू, बघ," म्हणत मी शेजारी वळले. कणीसवाली माझ्याकडे बघत होती. मी लॅपटॉप मिटला आणि परत निघाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मावशी भात पाखडून पडवीत आल्या. "बाई, ह्याच्यावर माझा बाळू दिसंल का? फोन फुटलाय माझा, नुस्ता ठिपका दिसतो."

बाळू त्यांचा एकुलता मुलगा, गुजरातेत एका कारखान्यात कामाला. दिवाळीला आला नव्हता. सुट्टी नाही म्हणून व्हिडिओ पाठवला होता. मी तो त्यांच्या फोनवरून माझ्याकडे घेतला आणि पडदा तंबूसारखा उभा केला. मावशी पदर सावरून समोर बसल्या, जणू मुलगा खरंच दारात आला होता.

बाळू हसत बोलत होता. "आई, मी मजेत हाय. तू औषध घेती का?" कुणीतरी चहाचा पेला पुढे केला, त्याने घेतला.

"थांबवा," मावशी म्हणाल्या. "डाव्या हातानं का घेतला? डावखुरा न्हाई माझा बाळू."

मी व्हिडिओ मागे नेला. दोन बोटांनी चित्र मोठं केलं. मांडीवर, चादरीआडून, उजवा हात दिसत होता. मनगटापासून जाड पांढरं बँडेज. मला ते मावशींच्या आधी दिसलं. पडदा चटकन मिटून टाकावा असं वाटलं, पण त्या पुढे वाकल्या होत्या.

त्यांनी लगेच फोन लावला. "बाळू, हात दाव. मोठ्या पडद्यावर बघितलंय मी."

 पलीकडून रडणं ऐकू आलं. मशीनमध्ये दोन बोटं गेली होती, महिना झाला होता.

"मावशी, मी हे लावलंच नसतं तर…" मी म्हणाले.

"तुमी काय केलंत? बोटं मशीनीनं नेली. महिनाभर पोरगं एकलं भोगतंय, आन् मी हितं लाडू खाल्ले." डोळे पुसून त्या उठल्या आणि बाळूकडे जायला पिशवी भरू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही माळवलीला एकत्रच गेलो. मावशी दिराबरोबर लोणावळ्याकडच्या फलाटावर, मी पुण्याकडच्या. मधे रूळ. माझी गाडी आधी आली. खिडकीतून पाहिलं तेव्हा त्या फोनमध्ये काहीतरी मोठ्याने सांगत होत्या. मी लॅपटॉपवर पुस्तक उघडलं. बेगडेवाडी स्टेशन मागे पडलं तरी पान उलटलं नव्हतं. रात्रंदिवस ज्याची काळजी करावी असं कुणी असणं, हेही नशीबच, असं वाटत राहिलं; आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

आठवड्याने दुपारी मावशींचा फोन आला. त्या बाळूच्या खोलीवरच होत्या. जखम भरत होती, साहेब बसून करायचं काम देणार होते. "माझ्या हातानं भरवते त्याला. लाजतो, पर खातो."

"छान झालं," मी म्हणाले.

"आन् तुमी?" मावशींनी विचारलं. "जेवलात का?"

वसंती गेल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. दोन वाजून गेले होते. "नाही अजून," मी म्हणाले.

"मग जेवा आधी. मी हाय फोनवर."

मी फोन कानाशी धरून स्वयंपाकघरात गेले आणि ताट घेतलं.