ते वळण कोणी घेतलं?

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. मी मरीन इंजिनिअर. खडखड ऐकू आली की कुठलंतरी बेअरिंग गेलं, एवढंच मला कळतं. या सदरातले अनुभव वाचतानाही मी मनातल्या मनात फाटे फोडत आलोय... आता तुम्ही माझ्या अनुभवाला फोडा, म्हणजे फिट्टंफाट.

१९९४-९५च्या सुमाराची गोष्ट. जहाज सोडून मी सिंगापूरला किनाऱ्यावरची नोकरी धरली होती. सेरंगूनला फ्लॅट, बायको सुषमा, तिला सातवा महिना. आणि मला एक महागडं खूळ लागलेलं — विमान चालवायचं. सेलेटारच्या धावपट्टीवर शिकलो, लायसन्स मिळवलं. एका इंजिनाचं, चार सीटचं छोटं विमान. सिंगापूर एवढंसं, उडालं की संपलंच. म्हणून आम्ही हौशी वैमानिक सगळे उत्तरेला जायचो, मलेशियाच्या पूर्व किनाऱ्याने मेर्सिंग, क्वांतान आणि त्याच्याही वर, जिथे मैलोन्मैल नुसतं जंगल आणि मधूनच एखादं कोळ्यांचं गाव.

माझं बघून सामंत चीफनाही हुक्की आली. जहाजावर ते चीफ इंजिनिअर आणि मी त्यांच्या हाताखाली सेकंड इंजिनिअर. वयाने बारा वर्षांनी मोठे, मूळचे मालवणचे, आता तेही सिंगापूरलाच किनाऱ्यावर. त्यांचे जेमतेम दहा-बारा धडे झाले होते. म्हणजे विमानात कॅप्टन मी, तरी ते हाक मारणार ‘सेकंड’ अशीच, आणि मी निमूट ओ देणार. सवय हो, जाते कुठे?

त्या शनिवारी आम्ही दोघं निघालो. क्वांतानला इंधन भरलं, आणखी उत्तरेला क्वाला तेरेंगानूला मुक्कामाचा बेत होता. सुषमा नको म्हणत होती, मी हसण्यावारी नेलं.

दुपारी दोनच्या सुमारास समुद्रावरून पाऊस चालून आला. तो टाळायला मी डावीकडे, जमिनीच्या बाजूला सरकलो. ही माझी चूक. तिकडे डोंगर, आणि आम्ही दीड हजार फुटांवर... डोंगर त्याहून उंच. बघता बघता ढगात शिरलो. खिडकीबाहेर सगळं पांढरं, पंखाचं टोकही दिसेना. ढगात उडायचं शिक्षण मला नव्हतं. अशा वेळी आपलंच शरीर आपल्याला फसवतं — विमान कलंडत असतं आणि आपल्याला वाटतं सरळ आहे. करायचं एकच. उजवीकडे, समुद्राच्या बाजूने, उंची न घालवता सावकाश वळायचं आणि आलो तसं परत फिरायचं. पण मला ते जमेना. सुषमा दिसायला लागली, दुसरं काही सुचेना.

इथे एक सांगायला हवं. या विमानाला दोन स्टिअरिंग असतात, एकमेकांना जोडलेली. एक फिरवलं की दुसरं फिरतं. म्हणून नियम असा की ताबा देणाऱ्याने मोठ्याने ‘यू हॅव कंट्रोल’ म्हणायचं, आणि समोरच्याने ‘आय हॅव कंट्रोल’ म्हटल्याशिवाय हात सोडायचा नाही. पण इंजिनरूमची रीत वेगळी. चीफने व्हॉल्व्हला हात घातला की सेकंडने आपला काढायचा. विचारायचं नाही.

चीफनी त्यांच्या स्टिअरिंगला हात घातला. ते माझ्या तळहाताला जाणवलं. आणि मी माझे हात काढून घेतले... एक शब्द न बोलता. खोटं कशाला बोलू, सुटलो असंच वाटलं.

मग स्टिअरिंग उजवीकडे वळलं. हलक्या हाताने, आणि वळता वळता, नाक खाली जाऊ नये म्हणून, जरासं मागेही ओढलं गेलं. माझी नजर डायलवर खिळलेली. उंचीचा काटा हलला नाही. इंजिनचा आवाज थोडा चढला, म्हणजे थ्रॉटल पुढे ढकलला गेला, हे माझ्या कानाला कुणी सांगावं लागत नाही. दिशा दाखवणारी तबकडी सावकाश फिरत बरोबर उलट दिशेला आली आणि स्टिअरिंग सरळ झालं. सगळं मिळून मिनिटभर. दहा-बारा धड्यांत एवढी सफाई? मनात म्हटलं, सीनिअर तो सीनिअरच.

थोड्या वेळाने ढग संपला. खाली समुद्र, ऊन. मी पुन्हा स्टिअरिंग धरलं, क्वांतानला उतरवलं, इंजिन बंद केलं.

चीफ कपाळ पुसत म्हणाले, “सेकंड, झकास वळवलंस. मी तर हात मांडीखाली घालून बसलो होतो.”

मला चेष्टा वाटली. “चीफ, वळवलंत तुम्ही. मी केव्हाच सोडलं होतं.”

मग त्यांनी त्यांच्या बाजूने काय झालं ते सांगितलं. घाबरून त्यांनी स्टिअरिंग धरलं होतं हे खरं, पण क्षणभरच. विमान माझं, आपण कशाला लुडबूड, म्हणून लगेच सोडलं आणि खाली जमीन दिसते का म्हणून खिडकीला डोळे लावले. मांडीला लागून स्टिअरिंग फिरलं तेव्हा त्यांना वाटलं, मीच फिरवतोय.

परत आल्यावर मी आमच्या म्हाताऱ्या चिनी इन्स्ट्रक्टरना विचारलं. हात सोडले तर विमान आपोआप वळतं हे मलाही ठाऊक होतं, पण मग नाक खाली घालून गोल गोल उतरत जातं. उंची राखून अर्धं वळण घेईल, मग सरळ होईल? “कॅनॉट, लाह,” ते त्यांच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले, म्हणजे शक्यच नाही. “तुमच्यातला एक जण विसरलाय.”

मीही तेच धरून बसलो. चीफ विसरले, किंवा खोटं बोलले. दोन महिन्यांनी मुलगी झाली. तिचं सगळं करता करता वर्षं गेली आणि चीफ निवृत्त होऊन मालवणला गेले.

मध्यंतरी ते फार आजारी असल्याचं कळलं, म्हणून भेटायला गेलो. खोलीत आम्ही दोघंच. मी विचारणारच होतो, आता तरी कबूल करा. तेवढ्यात तेच हळू आवाजात बोलले, “सेकंड, इतकी वर्षं मी देवाकडे एकच मागतोय. तू तेव्हा खोटं बोलला असशील तर बरं. नाहीतर कोण होतं रे आपल्यात?”

मी खोटं बोललो नव्हतो. पण त्यांचा चेहरा बघवेना.

“मीच वळवलं होतं, चीफ,” मी म्हटलं. “तुमची गंमत करत होतो.”

त्यांनी एक शिवी हासडली आणि पोटभर हसले. मग मला म्हणाले, जेवून जा. पंधरा दिवसांनी ते गेले.

आता विचारायला कुणी उरलं नाही.