लायसनवरचा शेरा

भोईवाड्याच्या नाक्यावर माझ्या टॅक्सीखाली एका हातगाडीवाल्याचा पाय मोडला तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. चूक माझीच होती. तो गाडी ओढत रस्ता ओलांडत होता आणि मी नुसत्या हॉर्नच्या जिवावर टॅक्सी पुढे घातली. कोर्टात मी उगाच वाद घातला, मॅजिस्ट्रेटसाहेब वैतागले, दंड झाला आणि लायसनवर लाल शाईत शेरा पडला. दंड भरून टाकता येतो. शेरा मात्र खिशातच राहतो, आणि प्रत्येक पोलीस तो वाचल्याशिवाय लायसन परत देत नाही.

टॅक्सी माझी नव्हती. मालक गिरगावातले, जुन्या मुंबईकर घराण्यातले गृहस्थ. पूर्वजांच्या वाड्या होत्या, त्यांच्याकडे दोन टॅक्सी उरल्या होत्या. त्यांनी मला ओसरीवर उभं करून सांगितलं, "हे बघ, विमा कंपनीने तुझ्यामुळे हप्ता वाढवलाय. असा ड्रायव्हर ठेवायचा तर जास्त भरा, म्हणाले. तो जादा पैसा तुझ्या कमाईतून जाईल. तीन वर्षं काही घडू दिलं नाहीस तर शेरा निघेल, हप्ताही उतरेल. पण पुन्हा एकदा जरी क्लेम करावा लागला, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

मी मान हलवली. निघताना ते पुन्हा म्हणाले, "आणि ते तुझे गाववाले फुकट बसवतोस ना, ते बंद. फुकट बसलेल्याचं काही झालं तर कंपनी दमडी देत नाही."

हे दुसरं वाक्य मला पहिल्यापेक्षा जड गेलं. मी करी रोडला आमच्या गावकऱ्यांच्या खोलीत राहायचो. एका गावचे चौदा जण, पाळीपाळीने मिलमध्ये जाणारे. भिंतीला ओळीने ट्रंका, आणि ज्याची पाळी सुटेल त्याने मोकळी चटई धरायची. त्यांच्यात टॅक्सीवाला मी एकटा. गावाहून कोणी बोटीने आलं की भाऊच्या धक्क्यावरून त्याला, त्याच्या वळकटीला आणि फणसाला मीच आणायचो. गावच्या माणसाकडून भाडं घ्यायचं नसतं. हे कोणाला शिकवावं लागत नाही. ताटात वाढलेल्या भाताचे कोणी पैसे विचारत नाही, तसंच ते.

मी खोलीत जाऊन सरळ सांगायला हवं होतं की मालकाने मनाई केली आहे. पण माझा स्वभाव तिरका. कोर्टाची थट्टा आधीच चालली होती, "आमचो लाल शाईवालो" म्हणून. आणखी हसू करून घ्यायची इच्छा नव्हती. म्हणून मी सबबी सांगत राहिलो. आज पेट्रोल नाही, उद्या गाडी मालकाकडे. लोक समजूतदार होते. धक्क्यावर ते व्हिक्टोरिया घोडागाडी करून जाऊ लागले.

अशी दोन वर्षं मी काढली. किती जपून चालवायचो म्हणून सांगू! गल्लीतून बाहेर पडताना तर मी गोगलगाय व्हायचो. मागून लोक शिव्या घालत, पुढे निघून जात. एकही ओरखडा नाही. बायको गावाला होती. तिला मी पत्रात लिहायचो, आता एकच वर्ष.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. हरताळ पडला की गिरण्या बंद, ट्राम बंद, लालबागपासून परळपर्यंत रस्त्यावर नुसते दगड आणि चपला. अशाच एका हरताळाच्या सकाळी मी गाडी चाळीच्या मागच्या बोळात लावून चहा घेत होतो. खोलीतले दोघं धावत आले.

"गाडी काड रे बेगीन. काकांच्या छातीत दुखता हा."

काका माझे सख्खे नव्हते. खोलीतल्या सगळ्यांचेच ते काका. पण मला मुंबईला आणलं त्यांनी. पहिल्या रात्री गिरणीच्या भोंग्याने दचकून उठलो तर माझ्या पाठीवर हात ठेवून ते बसून होते. खानावळीत माझं नाव त्यांनी घातलं. गिरणीतले साचे, म्हणजे माग, सोडून ड्रायव्हिंग शिकायचं म्हटल्यावर सगळे हसले, एकटे ते हसले नाहीत.

परळचं हॉस्पिटल गाडीने दहा मिनिटांवर. माझ्या डोळ्यांपुढे मात्र काका आलेच नाहीत. फुटलेली काच आली, ओसरीवरचे मालक आले, गाडीत फुकट बसलेला आजारी माणूस आला आणि त्याचं काही बरंवाईट झालं तर कंपनी काय म्हणेल ते आलं. मी म्हणालो, "गाडी बंद आसा. क्लच गेलो."

त्यांनी समोरच्या वखारीतली हातगाडी आणली. काकांना गोधडीवर निजवलं. कोणीतरी माझ्यावर करवादलं, टॅक्सी ठेवतोस कशाला म्हणून. काका घामाने भिजलेले, तरी त्याच्यावरच डोळे वटारून म्हणाले, "तेका बोलू नुको रे. गाडी बंद आसा तर तो काय करतलो?"

मी हातगाडीला हात लावायला पुढे झालो, पण सहा जण आधीच लागले होते. मला जागा नव्हती. हातगाडी दगडांवरून उडत गेली, प्रत्येक दगडाला काकांचं डोकं हलत होतं.

दीड-दोन तासांनी नाक्यावर गलका वाढला. दगड बोळापर्यंत येऊ लागले. मला एवढंच सुचलं, टॅक्सी आत, वखारीच्या आवारात घालायची. मी चावी लावली, गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली आणि मी वळण घेतलं. समोरून ते सहा जण रिकामी हातगाडी घेऊन परत येत होते.

त्यांनी चालत्या टॅक्सीकडे पाहिलं. ते बाजूला झाले, मला वाट दिली. शिव्या घातल्या असत्या तर मीही भांडलो असतो, भांडण मला चांगलं जमतं. त्या गप्प वाटेतून गाडी पुढे नेण्याइतकं अवघड वळण मी आयुष्यात घेतलेलं नाही.

काका वाचले. पण साच्यावर उभं राहणं संपलं आणि ते गावी गेले. कधी गेले ते मला नंतर कळलं. मी आपणच ट्रंक उचलून रे रोडला एका गॅरेजच्या माळ्यावर राहायला गेलो. खोलीने मला काढलं असं मी कधी म्हणणार नाही. मी ट्रंक उचलताना एक जण दारातून बाजूला झाला, एवढंच. माळ्यावर मी एकटा. स्वतःशीच मोठ्याने बोलायची सवय तिथली. गणपतीत खोलीतल्या भजनाचा आवाज ऐकायला मी मुद्दाम त्या गल्लीतून भाडी घ्यायचो, आणि भाडं उतरलं की निघून जायचो. काका वारल्याचं मला बायकोच्या पत्रातून समजलं.

तीन वर्षं पुरी झाली. शेरा नसलेलं कोरं लायसन मिळालं. मालकांनी ते घेऊन मला फोर्टात विमा कंपनीच्या ऑफिसात पाठवलं. कारकून मराठी होता, बोलका. "शाबास! आता तुमचा जादा प्रीमियम रद्द." मला काय वाटलं कोण जाणे, मी विचारलं, "फुकट बसलेल्या माणसाला विमा नसतो ना?"

"नसतो."

"आजारी असला तरी?"

"फुकट नेला तर नाही. मीटर पाडून न्यायचा. भाडं घेतलं की तो पॅसेंजर झाला, मग सगळं लागू. किती होईल भाडं, बारा आणे?" तो हसला आणि शिक्का मारू लागला.

बारा आणे. काकांनी ते दिले असते, वर माझी आयुष्यभर टर उडवली असती. मागावेत हे मला सुचलंच नाही. गावच्या माणसाकडून घ्यायचे नसतात हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याला हातगाडीवर घालू द्यायचं नसतं, हेही ठाऊक असायला हवं होतं.

मी तडक करी रोडला गेलो. खोलीत चार जण होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. मालक, कंपनी, क्लच, सगळं. मग एक जण म्हणाला, "ता होऊन गेला आता. बसा." त्याने मला "बसा" म्हटलं. चहा कपबशीतून आला. ते स्वतः पितळी पेल्यांतून प्यायले.

निघताना त्यांच्यातला एक दादरला जायला निघाला होता. मी म्हणालो, चल, सोडतो. तो मागच्या सीटवर बसला.

"मीटर पाडा," म्हणाला.

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्याने दार उघडून एक पाय खाली ठेवला. मग मी मीटर पाडलं. दादरला उतरल्यावर त्याने भाडं मोजून माझ्या हातावर ठेवलं, आणि मी ते घेतलं.