चढाची चक्री

कासुर्डी फाट्यावर अमजद मिस्त्रीचं दुकान होतं. दुकान म्हणायचं ते आपलं सवयीनं. चार लोखंडी खांब, तीन बाजूंनी पत्रे, बसायला ट्रकच्या टायरवर टाकलेली एक फळी. पण मागच्या पत्र्यावर बघावं तर खिळ्यांच्या रांगाच्या रांगा आणि दर खिळ्याला अडकवलेली एकेक चक्री. मोटारसायकलची साखळी जिच्यावरून फिरते ना, ती दातांची चक्री. काही नव्या, काही झिजून वस्तऱ्यासारख्या धारदार झालेल्या. प्रत्येकीच्या खाली पांढऱ्या ऑइलपेंटनं दातांचा आकडा लिहिलेला. शेजारच्या चहावाल्या पोपटरावांनी एकदा विचारलंही, "मिस्त्री, ह्यातल्या निम्म्या तर भंगार हायत, इकत का न्हाई?" अमजदनं वर न बघता उत्तर दिलं, "तुमच्या हाटेलातली निम्मी गिऱ्हाइकं बी भंगार हायत, तुम्ही इकता का?"

असा हा माणूस. तोंडानं फटकळ, हातानं सोन्यासारखा, आणि आपल्या कामाचा असा तोरा की पान्याला दुसऱ्याचा हात लागलेला खपायचा नाही. गाडीला हात लावायच्या आधी तो तीन प्रश्न विचारायचा. "जातो कुठं? मागं काय बांधतो? आन् येताना काय आणतो?" त्याचं म्हणणं, कंपनी गाडी बनवते ती कुणासाठीच नसते. दूधवाल्याची वाट वेगळी, मास्तरची वेगळी. पुढची चक्री दोन दातांनी लहान केली की तीच गाडी चढाला बैलासारखी ओढते, पण सपाटीवर नुसतीच बोंबलते, पळत नाही. मोठी केली की सडकेवर वारं पिऊन पळते आणि डोंगराला गेली की गुडघे टेकते. दोन्ही एकदम मागणाऱ्याला अमजद सरळ हाकलून द्यायचा. एका बागायतदाराचा पोरगा विक्रम नवी गाडी घेऊन आला होता, म्हणाला, पिकअप वाढवून द्या. अमजदनं विचारलं, "जातो कुठं?" दौंडला कॉलेजात म्हणाला. "मागं काय बांधतो?" यावर पोपटरावांचं सगळं हॉटेल हसलं आणि पोरगं कानापर्यंत लाल होऊन निघून गेलं.

त्याच्या गिऱ्हाइकांत एकाच माणसाला हे प्रश्न विचारावे लागत नव्हते. संपत. फाट्यापासून सहा किलोमीटरवर डोंगराच्या माथ्याला आठ घरांची टेकवस्ती आहे, तिथला. वाट म्हणजे मुरमाची, पावसाळ्यात पाण्यानं खरवडलेली, पायाखाली गोटे सरकणारी. त्यात तीन वळणं, आणि तिसरं असं की उतरताना डाव्या अंगाला नुसती हवा. त्या वाटेनं संपत चौदा वर्षं वस्तीचं दूध फाट्यावर आणत होता. शंभर सीसीची जुनी फोरस्ट्रोक, दोन्ही अंगांना वीस-वीस लिटरचे कॅन. ती गाडी अमजदनंच त्या वाटेसाठी घडवली होती. संपतला मागं बसवून तो स्वतः चार वेळा ती वाट चढला-उतरला, मग कुठं चक्री ठरली. पुढं नेहमीपेक्षा दोन दात कमी. त्या दिवसापासून दोघांची जी यारी जमली ती सख्ख्या भावांत दिसत नाही. संपतची बायको धुरपदा ईदला खव्याचा डबा पाठवायची आणि अमजदची म्हातारी आई बिबीजान त्याच डब्यातून शीरखुर्मा परत धाडायची.

मग डेअरीचा दर वस्तीला परवडेना. सात घरांनी गुरं विकली. संपतच्या तेवढ्या तीन गाई राहिल्या आणि त्यांच्या दुधावर घर भागण्यासारखं नव्हतं. दोन हजार दोनच्या दिवाळीनंतर त्याला सणसवाडीच्या एका कारखान्यात लोडिंगचं काम मिळालं. पंचेचाळीसाव्या वर्षी माणूस गळ्यात ओळखपत्राची पट्टी घालून फाट्यावर उभा राहिला, तेव्हा लाजत होता.

"तिथं खोली घेऊन ऱ्हा," अमजद म्हणाला. "कामगार ऱ्हातात की चौघं-चौघं मिळून."

"न्हाई जमायचं, अमजदभाई. ती एकटी हाय वर. सांजच्याला धारा कोण काढील? मी रोज घरी येणार."

"खूळ लागलंय का तुला? त्या चक्रीवर तू हायवेला चाळीसच्या वर जायचा न्हाईस. जाताना पंचेचाळीस किलोमीटर, येताना तेवढंच. महिन्यात इंजिन खोलावं लागंल."

"मग मोठी बशीव."

"आन् वर कसा जाशील?"

फाट्यावर गाडी ठेवून चालत जायचं म्हटलं तर दीड तास चढ, सकाळी पुन्हा तेवढाच उतार. आठ तास पोती उचलून आलेल्या माणसाला ते कुठं झेपणार? दोन्ही एकदम मागणाऱ्याला हाकलून देणारा अमजद त्या दिवशी मात्र पत्र्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सकाळी सहाला येत जा. दहा मिनिटं लागत्यात."

आणि तसंच सुरू झालं. रोज सकाळी संपत लहान चक्रीवर डोंगर उतरून यायचा, कॅन डेअरीच्या गाडीत चढवायचा आणि फळीवर बसून चहा घ्यायचा. तेवढ्यात अमजद पुढची चक्री काढून मोठी बसवायचा, मागचं चाक थोडं सरकवून साखळीचा ताण जुळवायचा. संध्याकाळी उलटं. पत्र्यावर त्यासाठी एक वेगळा खिळा ठोकला, खाली आकडा न लिहिता "संपत" असं लिहिलं. दिवसा त्या खिळ्याला चढाची चक्री असायची, संध्याकाळनंतर सडकेची. पोपटराव म्हणायचे, राजालासुद्धा दिवसातून दोनदा घोडा बदलून मिळत नसेल. कारखान्यात संपतला तीन महिने झाले, चौथ्या महिन्यात त्याचं नाव कायमच्या यादीत घालायचं चाललं होतं. एकही दिवस तो घरी गेला नाही असं झालं नाही.

फेब्रुवारीत अमजदच्या बहिणीच्या, राबियाच्या मुलीचं लग्न निघालं. शिरूरला, रविवारी. मेहक त्याची एकुलती भाची, आणि तिचा बाप वारलेला. मामानंच उभं राहायचं होतं. रविवारी पहाटेच अमजद नवा सदरा घालून दुकानात आला, सदरा खराब होऊ नये म्हणून वर जुना डगला चढवला आणि संपतची गाडी कामाला घेतली. कारखान्याला सुट्टी गुरुवारी, त्यामुळं संपतला जायचंच होतं. मोठी चक्री बसली. चढाची खिळ्याला गेली.

"सांच्याला तू न्हाईस," संपत म्हणाला. "मला ती चक्री आन् पाना दे. मी बशिवतो. इतकं दिस बगतोय की."

यावर अमजदनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं संपतनं त्याचं घरच मागितलं.

"साखळी तिरकी बशिवशील, दात खाऊन टाकशील. एक दिस मोठीवर जा. फर्स्ट टाक, क्लच जरा धरून ठेव. चढंल गाडी, मी सांगतो ना."

"चढंल?"

"बिनघोर चढंल."

आणि गाडी चढली. ह्यात अमजदची चूक नव्हती. संध्याकाळी क्लचचा वास काढत, धापा टाकत, पण गाडी टेकवस्तीला पोचली. संपतनं धारा काढल्या. धुरपदाला म्हणाला, मिस्त्री सांगतो ते खोटं कसं निघंल?

चुकलं ते दुसरंच. चक्रीचा हिशोब सगळेजण चढासाठी करतात, अमजदही तसाच करायचा. उतार कुणी मोजत नाही, कारण उतरायला काय लागतं? पण चढाच्या चक्रीवर पहिल्या गिअरमध्ये गाडी उतारावर इंजिनानंच अडून राहते, एक्सिलेटर सोडला की मागून कुणी दोरी धरल्यासारखी. संपत चौदा वर्षं ब्रेकाला पाय न लावता असाच उतरत होता. त्या मुरमावर ब्रेक दाबला की चाक सरकतं, हे त्याच्या पायालाही ठाऊक होतं. सोमवारी सकाळी तो दुधाचे कॅन घेऊन निघाला, पहिला गिअर टाकला, एक्सिलेटर सोडला, आणि दोन दातांनी मोठ्या चक्रीवर गाडी अडलीच नाही.

दोन वळणं त्यानं कशीतरी निभावली असावीत, ब्रेक दाबल्याच्या खुणा मुरमात लांबवर होत्या. तिसऱ्या वळणावर खुणा कडेपर्यंत गेल्या होत्या. खालच्या शेतातल्या हौसरावानं कॅन गडगडल्याचा आवाज ऐकला. तो पोचला तेव्हा संपत संपलेला होता.

अमजद सोमवारी दुपारी एस.टी.तून उतरला तो हातात मिठाईचा पुडा घेऊन. पोपटरावांनी हॉटेलचं शटर निम्मं ओढलेलं होतं. त्यांनी काय झालं ते सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "नशीब, दुसरं काय. रोजची वाट हुती त्याची." अमजदनं दुकान उघडलं. खिळ्यावर चढाची चक्री जागच्या जागी होती. त्यानं ती काढली आणि दातांवरून बोट फिरवलं, दात एकदा मोजले, मग पुन्हा एकदा मोजले. उताराचं त्याच्या ध्यानात आलं ते तेव्हा, तिथं उभ्या उभ्या. पोपटराव सांगतात, मिस्त्री खाली बसला आणि लहान पोरासारखा ओरडून रडला.

सगळ्यांनी नशिबाला दोष दिला. कुणी एखाद्या गाईला, ती वाटेत आडवी आली असेल म्हणून. कुणी संपतच्या वयाला. अमजदला कुणी एका शब्दानं बोललं नाही, आणि तेच त्याला सोसेना. घरी त्यानं आईला सगळं सांगितलं. बिबीजान म्हणाली, "तू मुद्दाम थोडंच केलंस?" त्यानं ताटावरून उठून हात धुतले.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तो टेकवस्तीला निघाला. चालत. दीड तास चढताना त्यानं काय बोलायचं ते जुळवलं, मोडलं, पुन्हा जुळवलं. तिसऱ्या वळणावर तो थांबला नाही. खिशात ती चक्री होती, रद्दीच्या कागदात गुंडाळलेली.

धुरपदा गोठ्यात होती. तिसऱ्या गाईचा सौदा झालेला, माणूस दुपारी न्यायला येणार होता. अमजदला बघून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ओट्यावर पोतं अंथरलं.

"बसा, अमजदभाई. चालत आला?"

तो बसला नाही. कागद सोडून चक्री तिच्यासमोर ओट्यावर ठेवली.

"वयनी, ही त्याची."

"काय हाय हे?"

मग अमजदनं सांगितलं. फटकळ माणूस, त्याला आडून बोलता येत नव्हतं. सकाळची चक्री, संध्याकाळची चक्री, संपतनं पाना मागितला तो, आपण दिला नाही तो, चढंल म्हणालो ते, उतार मोजला नाही ते. एकही शब्द गाळला नाही. धुरपदा ऐकत होती. गाईनं शेपटी झाडली तेव्हा तिनं नुसता हात तिच्या पाठीवर ठेवला.

"म्हंजी ही गाडीला आसती तर?" तिनं विचारलं.

"तर तो खाली आला आसता, वयनी."

"आन् सांच्याला घरी."

"व्हय."

तिनं ती चक्री उचलली. जड वाटली तिला, दोन्ही हातांत घेतली. अमजद वाट बघत होता. तिनं शिवी द्यावी, ती चक्री फेकून मारावी, निदान चालता हो म्हणावं, असं त्याला फार वाटत होतं. ती रागावली असती तर त्याला खाली जायला तोंड राहिलं असतं.

"त्या दिशी दुकान बंद कशापायी हुतं?" ती म्हणाली.

"शिरूरला भाचीचं लगीन हुतं."

"व्हय, हे म्हणालं हुतं. बिनबापाची पोर ना ती?" तिनं चक्री पदरानं पुसली आणि त्याच्या हातात परत दिली. "हितं ठिवून मी काय करू? लगीन नीट पार पडलं ना?"

अमजदनं मान हलवली.

"बरं झालं," धुरपदा म्हणाली, आणि गाईचं दावं सोडायला वळली.