पांढऱ्या झाडाखालचं कुंकू

साताऱ्यात आमच्या शेजारी एक रिटायर फौजी काका राहतात. जुन्या कॅमेऱ्यातली एक काच काढून त्यांनी तो इन्फ्रारेड करून घेतलाय. डोळ्यांना न दिसणारा उजेड तो टिपतो. फोटो लालभडक येतो. मग काका कॉम्प्युटरवर लाल आणि निळ्याची अदलाबदल करतात, तेव्हा आभाळ निळं होतं आणि झाडं बर्फासारखी पांढरी. त्यापुढं फोटोला हात लावायचा नाही, हा त्यांचा कायदा. मी एकदा मधे आलेली विजेची तार पुसायला सांगितली, तर म्हणाले, "तार हाय तर ऱ्हाऊ दे की. खोटं कशाला?"

परवा त्यांनी चिंचेखाली काकूंचा फोटो काढला. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर कपाळ मोकळंच दिसलं.

"आवं, माझं कुंकू कुठं गेलं?" काकूंनी कपाळाला बोट लावून पाहिलं. बोट लाल झालं.

"ह्या उजेडात कुंकू कातडीसारखंच दिसतंय. काळजीचं काय न्हाई."

काकू स्क्रीनवरच्या मोकळ्या कपाळाकडंच बघत राहिल्या.

काकांनी चष्मा पुसला, माउस धरला आणि फोटोतल्या कपाळावर लाल ठिपका ठेवला. माझ्याकडं बघितलं नाही.

काकू त्यांच्या खांद्यावरून वाकून म्हणाल्या, "जरा मोठं करा."