डब्यांच्या कारखान्यातला पहिला दिवस

देवणीच्या मडिवाळप्पांची थोरली लेक मंजुश्री जपानला शिकायला गेली, तेव्हा कुणी म्हणालं पोरगी धाडसाची, कुणी म्हणालं बाप येडा. ओसाकातल्या एका शाळेत ती जपानी शिकू लागली. अर्धवेळ काम करून राहण्याखाण्याचं भागेल, असं एजंटानं सांगितलं होतं. काम मिळायलाच भाषा लागते, हे त्यानं सांगितलं नव्हतं.

तिनं हॉटेलांना फोन लावले. पाठ केलेलं पहिलं वाक्य नीट यायचं; पलीकडून प्रश्न आला की जीभ टाळूला चिकटायची. एकानं तर मध्येच फोन ठेवला.

आई कमलम्मा फोनवर विचारायची, "काम लागलं का गं?"

"लागंल की, अव्वा. हिंडायलेय."

"खायलीस का नीट?"

"हाव," ती म्हणायची. खरं तर भात आणि घरून आणलेली शेंगांची चटणी, एवढ्यावर चाललं होतं. दुकानातल्या कुठल्या पाकिटात मासे-कोळंबी, कुठल्यात अंडं, हे कळावं म्हणून तेवढी अक्षरं मात्र तिनं सगळ्यात आधी शिकून घेतली होती. लिंगायताच्या घरची पोर, चुकूनही पोटात जायला नको.

शेवटी जेवणाचे डबे भरणाऱ्या एका कारखान्यानं बोलावलं. जपानीत होकाराला 'हाय' म्हणतात. मोरीबाई नावाच्या मुकादमीण विचारत गेल्या, मंजुश्री 'हाय, हाय' म्हणत गेली. निम्मं कळलंच नव्हतं. काम मिळालं.

पहिल्या दिवशी तिला लेबलं लावायला बसवलं. झाकणबंद डबे, मांसाला हात लावायचा नाही, म्हणून तिचा जीव भांड्यात पडला. मोरीबाईंनी लेबलांच्या दोन गुंडाळ्या दाखवून भराभर काही सांगितलं.

"कळलं?"

"हाय!"

पट्टा सुरू झाला. डब्यामागून डबा. हात बसत आला तशी तिची नजर पारदर्शक झाकणाखाली गेली. आत कोळंबी होती. तिनं लेबल वाचलं. त्यावर कोळंबी नव्हतीच! न कळताच 'हाय' म्हणून तिनं गुंडाळ्यांची अदलाबदल केली होती. कोळंबीची ॲलर्जी असलेल्या कुणी हा डबा खाल्ला तर? घसा सुजून श्वास कोंडायचा. पुढच्या टोकाला डबे गाडीत चढायला लागले होते.

गप्प बसली तर कुणाला कळणार नव्हतं. बोलली तर काम गेलं. आणि बोलायचं तरी कसं? 'थांबा'ला जपानी शब्दच आठवेना.

"थांबाऽऽ!" ती मराठीतच ओरडली.

सगळे वळले. मोरीबाई धावत आल्या. मंजुश्रीनं बोटानं कोळंबी दाखवली, मग लेबल. बाईंचा चेहरा पांढरा पडला. पट्टा थांबला, गाडीतले डबे उतरले. भिंतीशी उभी राहून ती ॲप्रन सोडू लागली.

मोरीबाई आल्या. रागावलेल्याच होत्या. पण या वेळी एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "कळलं नाही तर 'वाकारिमासेन' म्हण. हाय म्हणू नकोस."

"वाकारिमासेन," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

लेबलांचं काम गेलं. दुसऱ्या दिवसापासून तिला भाज्या धुवायला लावलं. गार पाण्यात बोटं बधिर व्हायची. शेजारच्या म्हाताऱ्या बाई कोबी, मुळा, पालक एकेक उचलून त्याचं नाव सांगायच्या, तिच्याकडून घोकून घ्यायच्या, आणि उच्चार चुकला की तोंडाला हात लावून हसायच्या.