टेबलाखालचे वानखडे सर

भूकंप शिकवायचा दिवस आला की वानखडे सर आंजीच्या आमच्या शाळेत सरळ टेबलाखाली जाऊन बसत. टेबलावर मूठभर तुरीचे दाणे पसरलेले. सर खालून मुठीने ठोकत, दाणे उडत, आणि जिथे सर्वांत जास्त उडतील तिथे मुलं खडूने फुली मारत. मग टेबलाखालून आवाज येई, "पोट्टेहो, मी जिथून ठोकून राह्यलो ना, ते नाभी. तिच्या सरळ डोक्यावर तुमची फुली, ते अपिकेंद्र. पेपरात नाव येते फुलीवाल्या गावाचं. त्या बिचाऱ्यानं काई केलं नसते!"

वर्ग खो-खो हसे. ते हसू भिंतीपलीकडे माझ्या वर्गात ऐकू येई आणि माझा जळफळाट होई. मीही भूगोलच शिकवायचो. एम.ए. पहिल्या वर्गात झालेलो, रंगीत खडूंनी पृथ्वीचा छेद असा काढायचो की छापल्यासारखा. माझी मुलं तो मुकाट्याने उतरवून घेत. तेही सोसलं असतं, पण माझी एकुलती एक मेघा सरांच्या तुकडीत होती. "आमचे सर म्हणतात" असं म्हटल्याशिवाय तिचा घास उतरत नसे.

एकदा तिच्या वहीत मला चूक सापडली. जमिनीच्या पोटातल्या ठिपक्याला अपिकेंद्र म्हटलेलं आणि वरच्याला नाभी. सरांनी फळ्यावरच नावं उलटी लिहिली होती. मला कोण आनंद झाला! स्टाफरूममध्ये हळूच सांगता आलं असतं, पण मी वही घेऊन भर वर्गात गेलो आणि मुलांसमोर चूक दाखवली.

सरांनी वही डोळ्यांजवळ धरली. "बरोबर हाय तुमचं, काळे सर. मी खालून शिकवतो ना, मले सारं उलटंच दिसते. पोट्टेहो, टाळ्या वाजवा सरांसाठी!"

टाळ्या वाजल्या. मेघाने वाजवल्या नाहीत. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "बाबा, काऊन केलं असं?"

पुढे तिने भूगर्भशास्त्र घेतलं. नागपूरला प्रवेश मिळाल्याचा पहिला फोन तिने सरांना केला, दुसरा मला. तासाभरात सर पेढे घेऊन आमच्या दारात हजर. म्हणाले, "पोरगी तुमच्यावर गेली, सर. एकई चूक सोडत नाई." मी हसलो, पण तो पेढा काही मला गोड लागला नाही.

मागच्या वर्षी सर गेले. मेघा मिळेल त्या बसने आली आणि त्यांच्या अंगणात ओक्साबोक्शी रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो. माणूस मोठा होता, मलाही भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण तेव्हाही मनात एकच चाललं होतं, माझ्या वेळी ही एवढी रडेल का?