आधी आईला बघा

तो फोन सुजातानेच उचलला असता तर? माझ्या या सुनेला नववा महिना लागला होता. दुपारची ती आडवी झाली होती, म्हणून रिसिव्हर माझ्या हातात आला. उल्हासनगरहून मोहिनीमॅडमची बहीण बोलत होती. मॅडम पहाटे गेल्या... हार्ट अटॅक. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. बरं काय, कपाळ! पण दुसरं काही सुचेचना. पहिल्या बाळंतपणानंतर जिने सुजाताला आम्हाला परत मिळवून दिलं, तीच दुसऱ्याच्या तोंडावर निघून गेली होती.

मोहिनीमॅडम काय करायच्या, हे बदलापूरच्या आमच्या बेलवलीत मला अजून समजावून सांगावं लागतं. गरोदर बायका, बाळंतिणी आणि त्यांचे नवरे, यांच्या मनाचा त्या इलाज करायच्या. बोलून. सहा वर्षांपूर्वी मलाही हे थोतांडच वाटलं असतं. सुजाताला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण आमच्याकडेच केलं. शेक, धुरी, डिंकाचे लाडू, कशात म्हणून कमी केलं नाही. तरी ही भिंतीकडे तोंड करून पडलेली. माझी नात, मैत्री, रडून रडून लाल व्हायची, पण ही तिला हात लावायची नाही. झोपायचीही नाही. बायका म्हणाल्या, नजर लागली. मी म्हणाले, नाटकं आहेत. तीस वर्षं शाळेत शिकवलं, नाटकं मला बरोबर ओळखता येतात, असा माझा तोरा! एकदा ती म्हणाली, "आई, मी नसले तरी मैत्रीचं काही अडणार नाही." मी म्हणाले, "उगाच काहीतरी बोलू नकोस, दूध पी." लिहितानाही लाज वाटते... माझ्या मुलाने, विजयने, मात्र ते वाक्य मनावर घेतलं आणि मैत्रीला लस टोचून आणायला गेला तेव्हा नर्सच्या कानावर घातलं.

त्या रविवारी पोलिओचे डोस होते. दारात पिशवीवाली बाई दिसली तशी मी मैत्रीला पुढे केलं, गाल दाबून तिचं तोंडही उघडलं. बाई हसायलाच लागल्या. "माझ्याकडे डोस नाहीये आई. मी मोहिनी, नर्सबाईंनी पाठवलं. सुजाता किधर है?" सिंधी बाई, मराठी बोलता बोलता हिंदीत शिरायच्या. मोरीजवळचं लाल प्लॅस्टिकचं स्टूल त्यांनी स्वतःच उचललं आणि सुजाताच्या खाटेशी जाऊन बसल्या. बाळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही! मला असा राग आला...

"बाळाला बघायला किती जण आले, आई?"

"अख्खी चाळ येऊन गेली."

"आणि सुजाताला?"

मी मैत्रीचं दुपटं सारखं करू लागले. मग त्यांनी तिला सरळच विचारलं, "मरून जावं असं वाटतं का गं?" "बाई, असं विचारतात का कुणी!" मी ओरडलेच. पण सुजाताने मान वळवली, तीन आठवड्यांत पहिल्यांदा कुणाच्या तरी डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाली, "हो." मग हमसून हमसून रडली. विजय दारात उभा होता, तोही रडला. मॅडमनी त्यालाही जवळ बसवलं. "बाप पण नवीनच आहे ना," म्हणाल्या.

तिला क्षणभर एकटी सोडायची नाही, अशी मला ताकीद मिळाली. दुसऱ्याच दिवशी मॅडम तिला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, गोळ्या सुरू झाल्या. मला म्हणाल्या, "तुम्ही टीचर ना? मग टाइमटेबल बनवा. सुजाता पाच तास झोपणार, बीच में कोई नहीं उठाएगा." पाच तास! बाळंतिणीला! मी भांड भांड भांडले आणि मग पट्टी घेऊन रकाने आखले. विजय कंपनीतून आला की मैत्री त्याच्याकडे, पहाटे माझ्याकडे, काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने. मॅडम दर आठवड्याला यायच्या, त्याच स्टुलावर बसायच्या. चौथ्या महिन्यात एकदा मी मैत्रीच्या टाळूवर तेल थापत होते, तर सुजाताने तिला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं. "माझी मुलगी आहे आई, एवढं तेल नको!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तक्रार करायला मॅडमना फोन लावला, तर त्या तिकडे आनंदाने किंचाळल्याच. "भांडली? 'माझी मुलगी' म्हणाली? अरे वा!" संध्याकाळी सिंध्यांकडची शेवेची मिठाई घेऊन हजर. सून सासूशी भांडली म्हणून मिठाई खाणारं बदलापुरात आमचं एकच घर असेल.

अशा बाईची बातमी सुजाताला सांगायची कशी? बाळंतपण होईपर्यंत लपवू, असं मी जवळजवळ ठरवलंच होतं. पण लपवालपवीचा मॅडमना भारी तिटकारा. शेवटी ते स्टूल ओढलं, तिच्याशेजारी बसले आणि सांगितलं. खूप रडली. मी जीव मुठीत धरून बघत होते. मग तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "आई, टाइमटेबल आत्ताच आखून ठेवू या का?"

तिथेच मी जिंकले. नाही, मॅडम जिंकल्या.

आता नातू तीन आठवड्यांचा आहे. भिंतीवर रकाने आहेत, सुजाता पाच तास झोपते आणि जाग आली की माझ्याशी वाद घालते. काल खरवईहून माझी नणंद आली. चपला काढता काढताच, "कुठाय आमचा राजा?" मी तोंड उघडणार, तोच पहिलीतली मैत्री लाल स्टूल फरफटत घेऊन आली. आईच्या खाटेशी ठेवून म्हणाली, "आजी, इथे बसा. आधी माझ्या मम्मीला बघा."

नणंद मुकाट्याने बसली.